परदेशाचा अर्ज आणि ‘आपला माणूस’

कल्याणहून मुरबाड, सरळगाव मागे टाकीत माळशेजकडे जाणारा महामार्ग टोकावड्याच्या बाजारपेठेतून जातो. थोडे पुढे वैशाखरे लागते आणि तेथून नाणेघाटाची पायवाट फुटते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता असे मानले जाते. परदेशाशी व्यवहार ही या मुलुखाला नवी गोष्ट नव्हे. बदल झाला तो एवढाच, की पूर्वी येथून माल जात होता, आता घरातली मुले जातात. आणि त्यांची जकात कोठे, कोणाकडे व किती भरायची हे सांगणारा रांजण कोणत्याही घाटावर उभा नाही.

टोकावड्यातील किराणा, भुसार किंवा कापडाचे दुकान असलेले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांनी दुकान थाटले, वडिलांनी ते वाढविले, मुलगी कल्याणच्या महाविद्यालयातून पदवीधर झाली. तिला कॅनडात पुढचे शिक्षण घ्यायचे आहे. गुण चांगले आहेत, इंग्रजीची परीक्षा झाली आहे, कर्जासाठी बँक तयार आहे. रात्री दुकानाची फळी लागल्यावर घरात प्रश्न निघतो, की अर्ज कोणाकडे द्यायचा? उत्तरही बहुधा त्याच बैठकीत मिळते. काकूंच्या माहेरच्या नात्यातले कोणी ठाण्यात असतात, त्यांच्या मुलाचे काम एकाने केलेले असते. दुसऱ्या दिवशी फोन होतो. पलीकडून आवाज येतो, ‘‘जय जिनेंद्र काका, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. ताईचे काम म्हणजे माझ्या बहिणीचे काम. पासपोर्ट आणि पहिला हप्ता तेवढा पाठवून द्या.’’ वडील फोन ठेवतात आणि म्हणतात, ‘‘आपलाच माणूस आहे.’’

या तीन शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. व्यापारी समाजाची सारी उभारणी विश्वासावर झालेली आहे. चिठ्ठीवर माल उचलला जातो, शब्दावर रक्कम फिरते, आणि शंभरांतले नव्व्याण्णव व्यवहार सुरळीत पार पडतात. परंतु हा विश्वास हवेत तरंगत नसतो, त्याच्यामागे एक यंत्रणा असते. मुरबाडच्या बाजारात एखाद्याने पैसे बुडविले तर संध्याकाळपर्यंत ती वार्ता सरळगाव, टोकावडे आणि शहापूरपर्यंत पोहोचते. त्याचे दुकान येथेच असते, त्याच्या मुलांचे विवाह याच समाजात व्हायचे असतात. पत गेली तर सर्वस्व गेले, हे त्याला ठाऊक असते. शहरातल्या एखाद्या इमारतीत भाड्याच्या दोन खोल्यांत बसणारा, अकरा महिन्यांच्या करारावर जागा बदलणारा सल्लागार या यंत्रणेत कोठेच अडकलेला नसतो. आडनाव आपल्यातले असते, अभिवादन आपल्यातले असते. पत मात्र तारण ठेवलेली नसते. वडिलांनी बाजारातला नियम बाजाराबाहेर लावला. चूक झाली ती येथे.

अर्ज कोणी हाताळावा हे ठरविण्याचा अधिकार ना भारतातल्या ओळखीला असतो, ना भारतातल्या पदवीला. ज्या देशात जायचे त्या देशाचा कायदा ते ठरवितो. मुरबाडच्या न्यायालयात सनद नसलेला मनुष्य पक्षकाराची बाजू मांडायला उभा राहू शकत नाही, हे टोकावड्यातल्या प्रत्येकाला कळते. जमिनीच्या दाव्यात वकीलपत्रावर वकिलाचे नाव, सही आणि सनदेचा क्रमांक असल्याशिवाय पान हलत नाही. परदेशाच्या अर्जालाही असेच वकीलपत्र असते आणि अशीच सनद असते. फरक एवढाच, की ती सनद कॅनडात, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत दिलेली असते. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद असलेला येथील निष्णात वकील भारतीय कायद्यात कितीही पारंगत असो, कॅनडाच्या अर्जात शुल्क घेऊन प्रतिनिधी होण्याचा अधिकार त्या सनदेने मिळत नाही.

कॅनडाचा नियम या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. तेथील स्थलांतर कायद्याच्या ९१व्या कलमानुसार मोबदला घेऊन सल्ला देण्याचा किंवा प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार मोजक्यांनाच आहे. एखाद्या प्रांताच्या विधिसंस्थेचा सदस्य असलेला वकील, क्यूबेकच्या नोटरी संस्थेचा सदस्य, किंवा ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या संस्थेचा परवानाधारक सल्लागार. ही संस्था नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या परिषदेच्या जागी आली. तिच्या प्रत्येक सदस्याला ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत तो कोणालाही पाहता येतो. सल्लागार ठाण्यात बसतो की टोरांटोत, याने या नियमात फरक पडत नाही. नातेवाइकाने किंवा मित्राने एकही पैसा न घेता मदत केली तर ती चालते. पैसे, भेटवस्तू वा अन्य कोणताही मोबदला आला की परवाना हवाच.

न्यूझीलंडनेही २००७ च्या कायद्याने सल्लागारांना परवाना सक्तीचा केला आणि तो देशाबाहेर बसणाऱ्यांनाही लागू ठेवला. केवळ विद्यार्थी व्हिसापुरता सल्ला परदेशातून देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराला सात अंकी क्रमांक असतो. मार्च २०२१ पासून तेथील पूर्ण सनदधारक वकिलांना या वेगळ्या नोंदणीची गरज उरली नाही, त्यांची ओळख वकिलांच्या नोंदवहीत पटवायची. मात्र ऑस्ट्रेलियाबाहेर बसून काम करणाऱ्यांवर नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे येथील अनेक कार्यालये नोंदणीशिवायच चालतात आणि तक्रार ऐकणारी तेथील संस्था त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने सल्लागारांवर नियंत्रण आले. त्यांची नियामक संस्था जानेवारी २०२५ पासून ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी’ या नावाने ओळखली जाते. तिने सल्लागारांचे तीन स्तर केले आहेत आणि पहिल्या स्तराच्या सल्लागाराला गुंतागुंतीच्या अपिलाचे काम करता येत नाही. अमेरिकेत प्रश्न सोपा आहे: कोणत्याही एका राज्याच्या बारचा वकील, किंवा तेथील न्याय विभागाने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेचा प्रतिनिधी. तिसरा कोणी नाही.

हे सारे कागदोपत्री नियम वाटतील. ते मोडल्यावर काय घडते हे २०२३ मध्ये दिसले. जालंधरच्या ब्रिजेश मिश्रा या एजंटाने पाठविलेले अनेक भारतीय विद्यार्थी कॅनडात शिकून, नोकरीला लागून, कायम निवासाचा अर्ज करावयास गेले, तेव्हा ज्या प्रवेशपत्राच्या आधारावर त्यांना काही वर्षांपूर्वी व्हिसा मिळाला ते पत्रच बनावट असल्याचे तेथील सीमा यंत्रणेने सांगितले. मुले विमानतळावर उतरल्यावर त्यांना एजंटाचा निरोप मिळाला होता, की त्या महाविद्यालयातल्या जागा भरल्या, दुसरीकडे प्रवेश घ्या. त्यांनी तसे केले आणि ती बाब विसरून गेली. आता त्यांच्या हातात देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. टोरांटोजवळच्या मिसिसॉगा शहरात मुलांनी रस्त्याच्या कडेला धरणे धरले. जून २०२३ मध्ये मंत्री शॉन फ्रेझर यांनी ही निष्कासने तात्पुरती थांबवून प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्यासाठी एक पथक नेमले. मिश्राला कॅनडातच अटक झाली, २०२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून, म्हणजे १ डिसेंबर २०२३ पासून, प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा संबंधित महाविद्यालयाकडून थेट करून घेण्याची पद्धत कॅनडाने सुरू केली.

या प्रकरणातला एक तपशील मोठ्या बातम्यांत हरवला, आणि टोकावड्यातल्या वडिलांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्जांवर एजंटाचे नाव नव्हते. विद्यार्थ्याने स्वतःच अर्ज भरला असे कागद सांगत होते. त्यामुळे यंत्रणेच्या दृष्टीने खोटे पत्र जोडणारा कोण? तर विद्यार्थी. फी घेणारा माणूस कागदावर अस्तित्वातच नव्हता.

म्हणून सल्लागाराला पहिला प्रश्न शुल्काचा नसून सहीचा विचारावा. कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी नेमण्याचा ५४७६ क्रमांकाचा फॉर्म असतो, ऑस्ट्रेलियात ९५६ क्रमांकाचा, अमेरिकेत ‘जी-२८’. तुमचे नाव आणि परवाना क्रमांक या फॉर्मवर लिहून सही कराल का, एवढे विचारले की पुष्कळ काही कळते. परवानाधारक मनुष्य यात काही वावगे मानीत नाही, उलट तो फॉर्म स्वतःच पुढे करतो. ‘‘काका, नाव टाकले की केस संशयात जाते’’ किंवा ‘‘स्वतः भरला असे दाखविले की लवकर होते’’ असे उत्तर आले तर तेथून उठावे. चहा अर्धा राहिला तरी चालेल.

दरवर्षी पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो. तेथे शेतकरी बैल घेताना काय करतो ते टोकावड्याच्या माणसाला सांगायला नको. दात पाहतो, खुरे पाहतो, चालवून पाहतो, कोणत्या गावचा, कोणाच्या दावणीचा हे विचारतो. विकणाऱ्याने ‘दोन दाती आहे’ म्हटले म्हणून कोणी पैसे मोजीत नाही, जबडा स्वतः उघडून पाहतो. परवान्याचा क्रमांकही असाच स्वतः उघडून पाहावा लागतो. सल्लागाराने व्हॉट्सॲपवर पाठविलेला दुवा उघडू नये. नियामक संस्थेचे अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोधून त्यातील नोंदवहीत नाव आणि क्रमांक घालावा. परवाना चालू आहे की स्थगित, पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तेथे दिसते. मग नोंदवहीत दिलेल्या पत्त्यावर किंवा दूरध्वनीवर संपर्क साधून विचारावे, की ठाण्यातली अमुक व्यक्ती आपल्या वतीने काम करते काय? ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि फसवणुकीची फट तेथेच असते. क्रमांक खरा असतो, परवानाधारकही खरा असतो. त्याला मात्र आपले नाव मुंबईजवळच्या कोणत्या भिंतीवर चौकट करून टांगले आहे याची गंधवार्ता नसते.

या ठिकाणी एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सल्लागार सांगणार नाहीत. प्रत्येक अर्जाला प्रतिनिधी लागतोच असे नाही. कागद सरळ असतील, पूर्वी नकार आलेला नसेल, कोठे मुदतीपेक्षा जास्त राहणे झालेले नसेल, तर विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसाचा अर्ज शिकलेली मुलगी शांतपणे बसून स्वतः भरू शकते. फॉर्म आणि सूचना सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य असतात. मुंबईतील व्हिसा अर्ज केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे घेतले जातात; तेथील कर्मचाऱ्याला निर्णयाचा अधिकार नसतो, म्हणून ‘आत आपली ओळख आहे’ या वाक्याला अर्थ नसतो. प्रतिनिधीची खरी गरज पडते ती पूर्वी नकार आला असेल तेव्हा, जुना पोलीस खटला असेल तेव्हा, घटस्फोट वा मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल तेव्हा, किंवा पतीने पत्नीला बोलावण्याच्या अर्जात विवाहाच्या खरेपणावर शंका घेतली गेली असेल तेव्हा. अशा वेळी मात्र काटकसर करू नये.

आणखी एक वर्ग असतो तो महाविद्यालयांच्या दलालांचा. ‘आम्ही विद्यार्थ्याकडून एक रुपयाही घेत नाही’ अशी त्यांची पाटी असते, आणि ती खोटी नसते. त्यांना दलाली परदेशी महाविद्यालय देते. व्यापाऱ्याच्या घरात दलाली हा शब्द अपरिचित नाही. दलाल ज्याच्याकडून पैसे घेतो त्याचा माल खपवितो. मुलीला योग्य अभ्यासक्रम कोणता, यापेक्षा कोणत्या महाविद्यालयाची टक्केवारी अधिक, याकडे त्याचा कल झुकणे स्वाभाविक आहे. त्याच्याकडून माहिती घ्यावी, माहितीपत्रके घ्यावीत. त्याला मुलीचा प्रतिनिधी समजू नये. शिवाय त्याची माहिती शिळी असण्याचा धोका असतो. कॅनडाची ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ ही जलद योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधन अभ्यासक्रम वगळता बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. छापील रंगीत पत्रके मात्र कपाटात तशीच असतात.

दुकानात मदतीला असणारा, आजूबाजूच्या पाड्यावरचा एखादा मुलगा आखाती देशात नोकरीला निघालेला असतो. मालकाच्या मुलीसाठी एवढी चौकशी होते, त्याच्यासाठी कोणी करीत नाही. त्याचा मार्ग वेगळा आणि कायदाही वेगळा. परदेशात नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्याने कामगाराकडून घ्यावयाचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच आहे, आणि त्याची पावती द्यावी लागते. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीची अट असते. अशा पासपोर्टवर १८ ठरावीक देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्याचे कार्यालय मुंबईत आहे. त्या मंजुरीसाठी १० लाख रुपयांचे प्रवासी भारतीय बीमा योजनेचे संरक्षण काढावे लागते आणि त्याचा दोन वर्षांचा हप्ता शेकड्यांत मोजण्याइतका अल्प असतो. एजंट पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणतो तेव्हा हे सारे संरक्षण एका वाक्यात पुसले जाते. मालकाने आपल्या संगणकावर पाच मिनिटे ती यादी उघडून पाहिली तर त्या मुलाचे आयुष्य वाचू शकते.

कारण चुकीच्या वाटेचा शेवट महाराष्ट्रानेही पाहिलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाकडे निघालेले, तीनशेहून अधिक भारतीय प्रवाशांचे विमान मानवी तस्करीच्या संशयावरून फ्रान्समधील व्हात्री विमानतळावर अडविण्यात आले. चार दिवसांनी, २६ डिसेंबरच्या पहाटे, त्यांतील २७६ जण मुंबईत उतरले, तेव्हा अनेकांनी तोंडे झाकून घेतलेली होती. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे लोक बहुसंख्य होते. महाराष्ट्रातले तिघे होते. तिघे म्हणजे थोडे, असे म्हणणे त्या तीन घरांच्या उंबऱ्यावर उभे राहून कोणाला जमेल?

आता कागदांविषयी, कारण प्रतिनिधी चांगला की वाईट याची दुसरी कसोटी तेथे लागते. ग्रामीण घरातल्या कागदांत दोष असतातच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. ‘शहा’ हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, कोठे आडनावाच्या जागी नुसते ‘जैन’ असते. आईचे माहेरचे नाव विवाहानंतर बदललेले, पण राजपत्रात नोंद नाही. जुन्या पिढीतल्या कोणाच्या जन्माची ग्रामपंचायतीत नोंदच नाही. प्रामाणिक प्रतिनिधी अशा वेळी लांबचा रस्ता सांगतो. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, प्रतिज्ञापत्र करा, उशिराने जन्मनोंद करण्याची कायदेशीर प्रक्रिया पार पाडा, आणि तफावत अर्जातच स्पष्टीकरण देऊन सांगा. त्यात दोन-चार महिने जातात, एखादे सत्र हुकते. दुसरा म्हणतो, ‘‘दाखला मी करून आणतो.’’ बँकेत शिल्लक कमी असेल तर तो महिन्यापुरते पैसे खात्यात ‘फिरवून’ देण्याची व्यवस्थाही सांगतो.

श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्राने सांगितले आहेत, त्यांत खोटा उपदेश करणे, खोटे लेख तयार करणे आणि ठेव गिळणे ही तिन्ही आहेत. एका कार्यालयात, एका टेबलापाशी, हे तिन्ही अतिचार एकत्र नांदतात असे दृश्य सूत्रकारांच्या नंतर अनेक शतकांनी पाहावयास मिळावे, हा योग विलक्षणच म्हणायचा. पण तेथे अतिचार केवळ सल्लागाराचा होत नाही, सही मुलीची असते. खोट्या कागदासाठी कॅनडा पाच वर्षांची बंदी घालते, ऑस्ट्रेलिया सर्वसाधारणपणे तीन वर्षांची, ब्रिटनमध्ये ती दहा वर्षांपर्यंत जाते, आणि अमेरिकेत फसवणुकीची नोंद जन्मभर आडवी येते. ‘मला ठाऊक नव्हते, एजंटाने केले’ हा बचाव क्वचितच मानला जातो. अर्जाच्या शेवटी अर्जदार हेच तर लिहून देतो, की यातील सर्व माहिती मी वाचली आहे आणि ती खरी आहे.

प्रतिनिधी कसा असावा याचे एक उदाहरण समाजाच्या स्मरणात आहे, ते येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. १८९३ च्या शिकागोच्या धर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराजांना आले होते. मुनिधर्माच्या मर्यादेमुळे ते समुद्रपार जाऊ शकत नव्हते. त्यांनी आपल्या वतीने वीरचंद राघवजी गांधी या तरुणाला पाठविले. निवड नात्यावरून किंवा गोड बोलण्यावरून झालेली नव्हती. वीरचंदांनी त्याआधी शत्रुंजयावरील यात्रेकरूंच्या कराच्या वादात समाजाची बाजू सांभाळली होती. सम्मेदशिखराजवळील डुकरांच्या कत्तलखान्याच्या खटल्यात मूळ कागद बंगालीत आहेत असे दिसल्यावर ते कोलकात्यात सहा महिने राहिले, बंगाली शिकले आणि मग कागदांना भिडले. ज्याच्या कागदांवर उभे राहायचे त्या कागदांची भाषा आधी शिकायची, ही त्यांची रीत होती. आज मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरचे मराठी स्वतः न वाचता तिच्या जीवनाचा अर्ज तासाभरात ‘सबमिट’ करणारे पाहिले म्हणजे ही रीत किती दूर गेली हे कळते.

प्रतिनिधी ठरला की करार लेखी व्हावा. कोणते काम करणार, कोणते नाही, अपील यात धरले आहे काय, सरकारी शुल्क किती आणि सल्लागाराचे किती, कोणत्या टप्प्यावर किती द्यायचे, काम सोडल्यास किती परत, हे सारे त्यात यावे. रक्कम बँकेतून द्यावी आणि पावती घ्यावी. रोख दिलेल्या रकमेला स्मरणशक्तीखेरीज साक्षीदार नसतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. निकालाची हमी करारात लिहून देणारा भेटला तर ते त्याच्या विरुद्धचे सर्वांत मोठे प्रमाण समजावे, कारण निर्णय अधिकाऱ्याचा असतो आणि कोणतीही नियामक संस्था आपल्या सदस्याला अशी हमी देऊ देत नाही.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसण्याची आपल्याकडे फार मोठी परंपरा आहे. मुलीच्या विवाहाच्या बोलण्यांत अडथळा येईल, समाजात चर्चा होईल, म्हणून लाखो रुपये मुकाट सोडून दिले जातात आणि तोच सल्लागार पुढच्या घरी ‘काका, निर्धास्त राहा’ म्हणतो. टोकावड्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात फसवणुकीचा गुन्हा येतो, आणि नव्या प्रक्रिया संहितेनुसार घटना ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून तक्रार नाकारता येत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे. तासाभरात कळविले तर रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता राहते. सेवेतील त्रुटीसाठी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. परवानाधारकाविरुद्ध त्याच्या परदेशी नियामक संस्थेकडेही घरबसल्या तक्रार करता येते. परवाना नसलेल्याविरुद्ध तो मार्ग उपलब्ध नसतो, आणि परवान्याला महत्त्व यासाठीही आहे.

राहिली एक गोष्ट, आणि ती सर्वांत क्षुल्लक वाटणारी. अर्जातील ई-मेल आणि पासवर्ड कोणाचा? बहुतेक कार्यालये आपलाच ई-मेल घालतात, ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणून. मग नकाराचे पत्र त्यांच्याकडे येते. ते लगेच सांगत नाहीत, कारण सांगितले की शुल्क परत मागितले जाईल. ‘प्रोसेस चालू आहे’ असे आठवड्यामागून आठवडे ऐकू येते. कॅनडाबाहेर मिळालेल्या नकाराविरुद्ध तेथील फेडरल न्यायालयात दाद मागण्याची मुदत निर्णय कळल्यापासून ६० दिवसांची असते, आणि ते काम सल्लागाराचे नसते, तेथे वकीलच लागतो. नवा वकील शोधायचा, कागद गोळा करायचे, नकाराची कारणे तपासून घ्यायची, या सर्वांना त्याच साठ दिवसांत बसवावे लागते. टोकावड्यातल्या त्या मुलीने स्वतःचा ई-मेल घातला असेल तर पत्र आल्या रात्री ते तिच्या मोबाइलवर दिसेल. घातला नसेल, तर ठाण्याच्या कार्यालयातल्या संगणकात ते पत्र उघडून वाचले जाईल, पुन्हा बंद केले जाईल, आणि घरचे लोक दुकानाची फळी लावून रोज एकमेकांना विचारीत राहतील, ‘‘आज काही फोन आला का?’’